समोरचे दोन दात

धाकटा ड्रायव्हिंग शिकवायचा. या कामात त्याची एक सोय होती. शिकणाऱ्याची नजर रस्त्यावर खिळलेली असते, शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. त्याचे वरचे समोरचे दोन्ही दात तिरके तुटलेले होते. त्यामुळे तो ओठ मिटून हसायचा आणि फोटो काढायची वेळ आली की हटकून पाण्याचा ग्लास शोधायला आत जायचा.

दात तुटले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि दादा तेरा. सायकल आधी कोणी चालवायची यावरून जुंपली, दादाने ढकललं आणि धाकट्याचं तोंड अंगणातल्या नळाच्या पाइपवर आपटलं. बाबा धावत आले. दादा म्हणाला, "हा स्वतःच सायकलवरून धडपडला. मी तिथे नव्हतोच." सायकल वेड्यासारखी चालवली म्हणून बाबांनी रक्ताळलेल्या तोंडाच्या धाकट्यालाच दोन धपाटे घातले. दातांचं दुःख तो विसरला. दादा दाराआडून बघत होता आणि गप्प होता, ते मात्र विसरला नाही.

पुढे दादा दात बनवायला शिकला. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि दादा आपल्या लॅबमध्ये पोर्सिलेनचे दात करून द्यायचा. त्याच्या हाताचं नाव होतं. भेटला की म्हणायचा, "ये ना रे, माप दे. समोरच्या दोघांवर व्हेनिअर, पोर्सिलेनचं पातळ कवच, बसवू. खरे नाहीत म्हणून तू शपथेवर सांगितलंस तरी कोणाला पटणार नाही."

"आधी बाबांना खरं काय ते सांग," धाकटा म्हणायचा.

दादा हसण्यावारी न्यायचा. मग एक दिवस बाबा गेले आणि सांगायला कोणी उरलंच नाही. त्यानंतर भाऊ लग्नाकार्यात तेवढे भेटत. गेली दोन वर्षं तर फोनही वहिनीच करायची आणि "ते जरा कामात आहेत" म्हणून ठेवून द्यायची. धाकट्यानेही कधी खोदून विचारलं नाही.

धाकट्याची मुलगी सात वर्षांची झाली. तिचे पुढचे दात नुकतेच आले होते, मोगऱ्याच्या कळ्यांसारखे. शाळेतून वर्गाचा फोटो आला. सगळी मुलं बत्तिशी दाखवत होती, हिचेच ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, एवढे छान दात आलेत, दाखवले का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही कुठे दाखवता, बाबा? आपल्याकडे असंच हसतात ना?"

त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या वेळात गाडी दातांच्या दवाखान्यासमोर लावून तो आत गेला.

डॉक्टरबाईंनी दात तपासले. म्हणाल्या, "होईल. पण दाताचा पुढचा थर थोडा घासावा लागतो आणि घासलेला परत येत नाही. दोन दिवस विचार करा."

"विचार एकोणतीस वर्षं केलाय," तो म्हणाला. "फक्त बनवायचे माझ्या भावाकडेच."

त्याने लॅबचं नाव सांगितलं तेव्हा बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "तुम्ही... एकदा त्यांना भेटून या."

लॅब दादाच्या घराच्याच खालच्या मजल्यावर होती. प्लॅस्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडलेले, कोपऱ्यात छोटी भट्टी. दादाच्या खुर्चीवर तिशीची एक मुलगी बसली होती. दादाने शिकवून तयार केलेली. बारीक ब्रशने ती पोर्सिलेनची ओली पूड दाताच्या आकारात चढवत होती. दादा खिडकीशी होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला.

"दादा, माप द्यायला आलोय."

दादाने वर पाहिलं. हात बाहेर काढले आणि पुढे धरले. हात थरथरत होते, थंडीने काकडल्यासारखे, थांबायचं नाव नाही.

"उशीर केलास रे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. आता शर्टाचं बटणसुद्धा तुझी वहिनी लावते."

"मला कळवलं का नाही?"

"कोणत्या तोंडाने कळवणार होतो?" दादाने हात परत मांड्यांखाली सारले. मग दादा म्हणाला, "बाबांना सांगितलं होतं मी. दवाखान्यात, अगदी शेवटी. मीच ढकललं म्हणून. पण तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. तुला कसं सांगू, सांगितलं म्हणून? ते काही सांगणं नव्हे."

त्याने त्या मुलीला खूण केली. तिने ड्रॉवरमधून एक डबी काढून धाकट्याच्या हातावर ठेवली. आत कापसावर पोर्सिलेनची दोन कवचं होती, नखाएवढी, पातळ. कडेला अगदी किंचित निळसर झाक. खऱ्या दाताला असते तशी.

"हात बिघडायला लागले तेव्हा केली," दादा म्हणाला. "आठवणीतून. बसायची नाहीत. मापाशिवाय बसत नाहीत, मला काय माहीत नाही? पण हात चालत होता तोवर केली."

धाकट्याने डबी मिटली. "मग मला दुसऱ्या कोणाचे नकोत. तू नाही तर राहू देत असेच."

दादा एकदम चिडला. "म्हणजे माझ्यासाठी आणखी तीस वर्षं तुटकं तोंड घेऊन फिरणार? तू ओठ मिटून हसलास की मला काय होतं, ठाऊक आहे तुला? दरवेळी त्या दाराआड जाऊन उभा राहतो मी. पुरे कर रे आता."

धाकटा मान खाली घालून रडला. नवव्या वर्षानंतर प्रथमच दादासमोर.

त्या मुलीने रंग ठरवायची पट्टी आणली. वेगवेगळ्या छटांचे दात लावलेली. "रंग मीच बघणार," दादा म्हणाला. पट्टी त्याच्या हातात थरथरत धाकट्याच्या दातांवर टकटक वाजू लागली. धाकट्याने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. दादाने डोळे बारीक करून तीन छटा नाकारल्या, चौथीवर थांबला. "हा. खालच्या कडेला जरा पारदर्शक ठेव," तो मुलीला म्हणाला.

तीन आठवड्यांनी दात बसले. दवाखान्यातून धाकटा तडक दादाकडे गेला आणि दात तुटल्यापासून पहिल्यांदा त्याच्यापुढे तोंड भरून हसला. दादाने बराच वेळ पाहिलं. डावा, उजवा, परत डावा.

"पोरीचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "कुठेही नाव ठेवायला जागा नाही." मग त्याची नजर आपल्या हातांकडे गेली. "पण मला करायचे होते रे ते."

"माहीत होतं," धाकटा म्हणाला. "माहीत होतं, तरी आलो नाही."

वहिनी चहा घेऊन आली. दादाच्या कपात तिने अर्धाच ओतला होता. धाकट्याने तो तिच्याकडून घेतला, खुर्ची जवळ ओढली आणि कप दादाच्या ओठांशी धरला. दादाने मान वळवली नाही. सावकाश, घोट घोट, त्याने सगळा चहा संपवला.