देखाव्याच्या पाठीमागची खोली

मागून

"पाडायची म्हणजे पूर्ण?" तिनं विचारलं.

"पूर्ण," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. "सोमवारी."

दोघी खोलीत उभ्या होत्या. खोलीत आता पाण्याचे पाइप, फुटक्या कुंड्या आणि भिजवलेल्या चुन्याची पिंपं. बाईंनी भिंतीवर तळहात ठेवला आणि उचलून दाखवला. तो ओला झाला होता. खोलीचं छप्पर जुन्या भिंतीत घुसवलेलं होतं. तिथून वर्षानुवर्षं पाणी मुरत आलं आणि त्यामुळेच पुढच्या बाजूचा नक्षीचा गिलावा फुगून सुटत होता. बाई हे सगळं हळू आवाजात सांगत होत्या, कारण आपल्याकडे चुनेकाम करणारी ही बाई याच खोलीत जन्मली, हे त्यांना दोनच दिवसांपूर्वी मुकादमाकडून कळलं होतं.

तिला सांगायची गरज नव्हती. पावसाळा संपल्यापासून ती पुढच्या बाजूला परांचीवर चढून गिलावा ठोकून बघत होती. ज्या वेलबुट्टीतून पोकळ आवाज यायचा, तिच्या बरोबर मागे त्यांची चूल होती. आणि ज्या फुलाच्या पाकळ्या हातात आल्या, त्याच्या मागे आईची न्हाणी.

"मग पाडा," ती म्हणाली. "पण शनिवारी संध्याकाळी मला खिडक्यांत दिवे लावू द्या."

बाईंनी कारण विचारलं नाही. आग नको, एवढंच म्हणाल्या, आणि साइटवरचे बॅटरीचे दिवे घ्या म्हणाल्या.

समोरून

तळ्याच्या पलीकडून, म्हणजे बंगल्याच्या हिरवळीवरून बघितलं, तर तो महाल आहे. खांब, कमानी, घुमट, रंगीत काचांच्या तीन खिडक्या. तळ्याला वळसा घालून जवळ गेलं की खांब अर्धेच निघतात. घुमटही अर्धाच. मागे नुसती विटांची भिंत.

मालकांच्या आजोबांना संध्याकाळी चहा घेताना बघायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी तो बांधून घेतला. इस्टेटीवरची माणसं त्याला देखावाच म्हणत. पुढे धाकट्या मालकीणबाईंना वाटलं, दिवेलागणीला त्या खिडक्या अंधाऱ्या बऱ्या दिसत नाहीत. मग भिंतीच्या पाठीला एक खोली जोडली आणि तिथं नव्यानं लग्न झालेल्या माळ्याला बायकोसकट राहायला पाठवलं. तिथं कुणीतरी राहतंय असं दिसावं, म्हणून तिथं माणसं राहायला आली.

छेद

पुढून आत जाताना आधी रंग. रंगाखाली चुना, चुन्याखाली वीट. विटेच्या पलीकडे काजळी, आणि काजळीला टेकून आईची पाठ.

आई रोज कंदील लावायची आणि तिथंच बसायची. वात चढली की काच काळी पडते, म्हणून उठून जाता यायचं नाही. बंगल्यावरची स्वयंपाकीण कधी दूध घेऊन आली की आई तिला विचारायची, तिकडून कसं दिसतं.

"छान दिसतं."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. घर तुझं, आणि विचारतेस मला?"

हे आईनं त्या रात्री बाबांना सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, एक दिवस मी बसतो कंदिलापाशी, तू जाऊन बघून ये. पण संध्याकाळी हिरवळीवर मालकमंडळी असत. बाबा स्वतः ती हिरवळ दिवसभर कापायचे, पण दिवे लागल्यावर तिथून देखावा त्यांनीही कधी बघितला नाही. नंतर मालक इस्टेट विकून गेले. हिरवळ मोकळी झाली आणि त्याच आठवड्यात बंगल्यावरून मिळणारं रॉकेल बंद झालं. जाता येत नव्हतं तेव्हा उजेड होता. जाता आलं तेव्हा अंधार.

बाजूनं

दादा शाळेची बस चालवतो. आई त्याच्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. शुक्रवारी ती त्यांच्याकडे गेली तेव्हा दादानं आधी तिला यथेच्छ झापून घेतलं. आईचे गुडघे, जिना, तळ्याकाठचा गारठा, सगळं काढलं. घर पाडणार ते आईला दाखवायला न्यायचं, हे कुणी सांगितलं तुला, म्हणाला.

"पाडताना नाही दाखवायचं. पाडायच्या आधी."

"मग तू ने. मी दिवे लावतो. तूसुद्धा कुठं बघितलंय?"

"आई जिना तुझाच हात धरून उतरते. माझा धरत नाही. आणि कुणीतरी आत लागतंच."

आई इतका वेळ खुर्चीत बसून ऐकत होती. तिला वाटलं होतं, आई हरखून जाईल. आईच्या कपाळावर आठी आली.

"मी तिकडं गेले तर दिवे कोण बघणार?"

"मी बघते ना."

"तुला वात कापता येत नाही. एक बाजू नेहमी चढते तुझी."

"वात नाहीच आहे, आई. बॅटरी आहे."

आईनं यावर बराच विचार केला. "म्हणजे काजळी धरत नाही?" तिनं विचारलं. मग दादाला कपाटातली ठेवणीतली शाल काढायला सांगितली.

मागून

शनिवारी ऊन उतरलं. पहारेकऱ्याला बाईंनी सांगून ठेवलं होतं. तिनं दिव्यांना पिवळा कागद गुंडाळला, म्हणजे उजेड कंदिलासारखा पडेल. मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दादाचा फोन चालूच ठेवून.

"आई बाकावर बसत नाहीये," फोनमधून दादा म्हणाला. "मालकांचा बाक आहे म्हणते. मी म्हटलं, आता मीच मालक, बस. तर हसली, आणि उभीच."

तिनं पहिला दिवा लावला. दुसरा. मधल्या खिडकीतला शेवटी.

"दादा?"

"हं."

"दिसतंय?"

"दिसतंय."

"काय म्हणते?"

"काही नाही. बघतेय."

ती वाट बघत राहिली. आपण खिडकीखाली जमिनीवर बसलो आहोत, हे तिच्या थोड्या वेळानं लक्षात आलं. कधी बसलो ते आठवेना. कंदील लागले की त्या घरात कुणी उभं राहायचं नसे. काचेवर सावली पडली की बंगल्यावरून निरोप यायचा. मग जेवण, अभ्यास, भांडणं, सगळं कट्ट्याच्या उंचीखाली. बाबा खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला रांगत जायचे आणि ती आणि दादा त्यांच्या पाठीवर बसून तोंडात हात कोंबून हसायची. बंगल्याला तिथं कुणीतरी राहतंय असं हवं होतं. राहणारं कुणी दिसायला मात्र नको होतं.

फोनमध्ये वारा वाजत होता. मग आईचा आवाज आला, एकदम जवळून, फोन हातात घेतल्यासारखा.

"कुणी दिसत का नाही?"

"आहे ती आत," मागून दादा म्हणाला.

"मग दिसू दे की. रिकामं वाटतंय घर." थोडं थांबून आई म्हणाली, "तिला म्हणावं, उभी राहा."

ती उठली. गुडघे झटकले आणि मधल्या खिडकीत, दिव्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. रंगीत काचेतून बाहेरचं काही दिसत नव्हतं. तळं कुठं, काठ कुठं, कळत नव्हतं. लाल तुकड्यात कपाळ, हिरव्यात हनुवटी, असा तिचाच चेहरा.

"हात हलवू का, आई?"

"नको. नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. फोनमध्ये एकदा दादानं घसा साफ केला. नंतर नुसता वाराच. पाय भरून आले, तरी बस आता असं पलीकडून कुणी म्हणालं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.