दोघांचीही चूक

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. केदारची फजिती चव्हाट्यावर कशाला आणायची, म्हणून. पण तोच म्हणाला, "लिही रे, अजून कोणाचा तरी क्लेम वाचेल."

तर केदार. अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहतो, पीएचडी करतो. लॅब लांब, बस नावापुरती. एक जुनाट गाडी होती, तिच्यावर त्याचं सगळं चालायचं. इन्शुरन्सही स्वस्तातला. म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, स्वतःचं नाही.

एका रविवारी ग्रोसरी घेऊन येत होता. बाजूच्या गल्लीतून एक गाडी स्टॉप साइनला न थांबता सुसाट आली आणि धाडकन ह्याच्या पुढच्या चाकावर बसली. कोथिंबीर डॅशबोर्डवर, बंपर रस्त्यावर.

"आई गं!" करत केदार उतरला. ते ऐकून त्या गाडीतले म्हातारे गृहस्थ धावतच आले. मनोहरकाका, मुलाकडे राहतात.

"बाळा, लागलं का रे?"

"नाही काका. सॉरी हं, माझंच चुकलं."

"छे! तुझं कसलं? मी थांबलोच नाही."

"पण मी जरा जोरातच होतो ना."

हॉटेलात बिलावरून भांडतात ना, 'मी देतो, मी देतो', तसे दोघं चुकीवरून भांडत होते. पोलीस आला तर त्यालाही दोघांनी आपापली चूक इंग्रजीत नीट समजावून सांगितली, आणि मग एकमेकांचे पत्ते घेतले.

मग काकांच्या इन्शुरन्सवाल्या बाईचा फोन आला. केदारचा रूममेट देवदत्त समोरच बसला होता. त्याने आधीच बजावलं होतं, "हे बघ यार, दुसऱ्या बऱ्याच स्टेटमध्ये तुझी जेवढी चूक तेवढंच कापतात. इथे नॉर्थ कॅरोलायनात एक टक्का जरी तुझी निघाली ना, तर दमडीही नाही. काका थांबले नाहीत, एवढंच बोल आणि गप्प बस."

बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तुमचा स्पीड किती होता?"

केदारला खोटं जमतच नाही. "लिमिटपेक्षा थोडा जास्त," म्हणाला.

देवदत्तने कपाळावर हात मारून घेतला.

केदारचा क्लेम गेला. काकांनीही केला होता, तोही गेला. दोघांचीही चूक, दोघांनाही नारळ. केदारची गाडी भंगारात गेली. आता लॅबला जायचं कसं? प्रोफेसरला काय सांगायचं? पोरगा दोन दिवस धड जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली हॉर्न वाजला. नाक चेपलेली गाडी. आत स्वेटर घातलेले मनोहरकाका.

"बस गाडीत, लॅबला सोडतो. मी काय, रिकामाच असतो. आणि हा डबा धर, काकूंनी दिलाय."

तेव्हापासून रोज काकाच सोडतात. स्टॉप साइन आली की गाडी गच्च थांबवून मोठ्याने म्हणतात, "एक, दोन, तीन." मागचे हॉर्न मारतात. काका ढिम्म. आता केदारही त्यांच्याबरोबर मोजतो.

परवा देवदत्त काकूंच्या डब्यातलं थालीपीठ हाणत म्हणाला, "केद्या, आधी वचन दे. पुढच्या वेळी कोणी ठोकलं तर तोंडातून सॉरी काढायचं नाही."

"दिलं," केदार म्हणाला. "सॉरी नाही म्हणणार. पण लागलं का, एवढं मात्र विचारणार."