कंपनीच्या तंबूतली कॉफी

हमदाला गावात कोणी हमदा म्हणत नसे. तिला म्हणत उम्म लेश, म्हणजे 'का'ची आई. लग्न नाही, मूल नाही, तरी आईपण पदरात पडलं ते या एका शब्दामुळे. बकऱ्या वाऱ्याकडे पाठ करूनच का बसतात, पाण्याचा टँकर नेमका आपल्याच दारापुढे का रिकामा होतो, इमामसाहेब श्रीमंताच्या मयताला जास्त वेळ का थांबतात. बाईच्या 'का'ला ना वेळ ना काळ. वादी अरबाच्या वाळवंटी उन्हात माणसं तोंड उघडायचासुद्धा कंटाळा करतात. तिथे असली चौकस पोरगी म्हणजे घरच्यांच्या डोक्याला कायमचा ताप.

शाळा तिने नववीत सोडली. खरं तर शाळेनेच तिला सोडलं. पुढचे वर्ग दुसऱ्या गावात, आणि तिकडे जाणारी बस मुलींसाठी थांबत नसे. का थांबत नाही, हे तिने ड्रायव्हरला विचारलंही होतं. त्याने हॉर्न वाजवला आणि गाडी काढली. तेव्हापासून दर हिवाळ्यात घोर खोऱ्यातल्या टोमॅटोच्या मळ्यांत जायचं, मुकादमाच्या पिकअपमध्ये कोंबून, आणि पेट्या भरून भरून कंबरडं मोडून घरी यायचं. तिथे 'का' विचारलं की मुकादम म्हणे, "टोमॅटोला विचार."

मग कंपनी आली. गावाच्या खालच्या अंगाला चराईची सगळी सपाटी तिने कुंपणात घेतली आणि त्यावर काळ्या काचांच्या रांगा उभ्या केल्या. उन्हाची वीज करणार होते म्हणे. आपलं ऊनसुद्धा कोणाला हवंसं वाटतं, याचं लोकांना आधी हसूच आलं. बकऱ्या कुंपणाला नाक लावून उभ्या राहू लागल्या तेव्हा हसू मावळलं आणि कुरकुर सुरू झाली. कुरकुर वाढली तसे अम्मानहून कंपनीचे मोठे साहेब आले, हैथम बे. शाळेच्या पटांगणात उभे राहून म्हणाले, "तुमच्या मुली त्या आमच्या मुली. त्यांना आम्ही हे काम शिकवू. जी शिकेल तिला काम."

"मुलींनाच का?" हमदाने चुलत्यांना विचारलं.

"मुलींचे फोटो चांगले येतात म्हणून," अबू मुतलक म्हणाले. ते गावातले जाणते. भांडणं मिटवायचे, सोयरिकी जुळवायचे, आणि जिभेला हाड नव्हतं.

फोटो यायचे तेव्हा येवोत, हमदाने पहिल्याच दिवशी नाव घातलं. बारा जणी होत्या. शिकवायला मिस रुला, अम्मानची इंजिनिअर, वयाने हमदाहून थोडीशीच मोठी. पत्र्याच्या खोलीत वर्ग भरायचा आणि दुपारनंतर काचांच्या रांगांत प्रत्यक्ष काम. तारा जोडायच्या, मीटर लावून बघायचं, कुठली काच आजारी आहे ते शोधायचं.

"मिस, एका काचेवर कबुतराने घाण केली तर अख्खी रांग का मंदावते?"

"कारण त्या एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. एकीने हात आखडला की बाकीच्या अडतात."

"मग हात धरायचेच का? सुट्या का नाही ठेवत?"

मिस रुला हसली. "अगं, हे विचारायला मला कॉलेजचं दुसरं वर्ष लागलं. बस इथे, सांगते."

"झालं!" सालहा कपाळावर हात मारून म्हणाली. ती हमदाची शेजारीण, शिकण्यात हुशार आणि घरी जायला त्याहून उतावीळ. "आता अंधार पडेपर्यंत सुटका नाही. उम्म लेश, त्या कबुतरालाच का नाही विचारत तू?"

बाकीच्या हसल्या. हमदाही हसली. पण 'बस इथे, सांगते' हे शब्द तिने उराशी धरून घरी नेले. आजवर तिला गप्प बस सांगणारे पुष्कळ भेटले होते. बसवून घेऊन सांगणारं हे पहिलंच माणूस. टोमॅटोच्या पिकअपमध्ये आता पुन्हा चढायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

शिक्षण संपत आलं. समारंभाच्या आदल्या दिवशी मिस रुला वर्गात आली ती डोळे सुजवून.

"उद्या प्रमाणपत्रं मिळतील," ती म्हणाली. "काम मिळणार नाही. देखभालीचं कंत्राट बाहेरच्या माणसाला दिलंय. तो आपली माणसं आणणार. मला काल कळलं, वल्ला, देवाशपथ, कालच कळलं."

"पण 'जी शिकेल तिला काम' म्हणाले होते ना?" सालहाने विचारलं.

"कागदावर 'कामाची संधी' असं लिहिलंय. प्रमाणपत्र हीच संधी, असं म्हणतात ते."

कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. हमदा एरवी पहिली बोलायची. आज तिचं डोकं भलतीकडेच चालू होतं. संध्याकाळी ती चुलत्यांकडे गेली. अबू मुतलक अंगणात कॉफीच्या बिया भाजत बसले होते.

"अम्मो, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"पाहुणा कोणाच्या घरी काही मागायला जातो, तेव्हा कॉफी पीत नाही, पुढ्यात ठेवतो. यजमानाने 'पी, तुझं काम झालं' म्हटल्याशिवाय उचलत नाही. बरोबर?"

"तुझ्या आईला असंच मागून आणलं आम्ही. कॉफीचे फिंजान गार झाले तरी तिचा बाप बोलेना. पुढे बोल."

"हे कंपनीला लागू होतं का?"

अबू मुतलकांचा झारा हवेतच राहिला. मग ते इतके हसले की ठसका लागला. "अगं वेडे, यजमान म्हणजे ज्याचं घर तो. कंपनीला घर कुठे आहे? चूल कुठे आहे? मशीनची कॉफी, कागदाचा पेला! त्यातून मागणार कोणाकडे, मशीनकडे?" मग गंभीर होऊन म्हणाले, "आणि बायका मागत नाहीत. मागायला पुरुष जातात."

"का?"

"जा घरी!"

दुसऱ्या दिवशी सगळे कंपनीच्या फाटकात पोचले आणि जागच्या जागी थबकले. काचांच्या रांगांपुढे काळ्या केसांचा तंबू उभा होता. अस्सल बकरीच्या केसांचा, लांबलचक, आत लाल गालिचे, लोड, मधे निखारे आणि निखाऱ्यांवर पितळेच्या किटल्या. फोटोत गावाकडचं काहीतरी दिसावं म्हणून कंपनीने अकाबाच्या एका हॉटेलातून तो सगळा थाट भाड्याने आणला होता. बरोबर रमझी नावाचा वेटरही आला होता, कमरेला खंजीर लावून, डोक्याला रुमाल गुंडाळून. त्याच्याकडे बघून सालहा कुजबुजली, "हा कोण गं? आपल्यापेक्षा जास्त आपल्यातला दिसतोय!"

हैथम बे स्वतः तंबूच्या दाराशी उभे होते. बूट काढले, सगळ्यांना आत बसवलं. कॅमेरे आले. मग त्यांनी माईक हातात घेतला. "मीही कबिल्याचाच मुलगा आहे, करक शहरचा. आज हा तंबू कंपनीचं घर. आज तुम्ही आमचे पाहुणे."

हमदाने चुलत्यांकडे पाहिलं. चुलत्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने नजर छताकडे नेली.

रमझी कॉफी ओतत आला. बिनकानाचे छोटे फिंजान, आणि तो ते काठोकाठ भरत होता. हॉटेलात पाहुण्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं लागतं ना! इथे मात्र तळाशी घोटभर ओततात. काठोकाठ भरला म्हणजे 'प्या आणि निघा'.

"काय रे पोरा," अबू मुतलक म्हणाले, "आत्ताच तर बसलो, इतक्यात हाकलतोस?"

हशा पिकला. रमझी कानापर्यंत लाल झाला. हैथम बे त्याच्यावर गुरकावले, सगळे फिंजान परत घेतले आणि पुन्हा घोट-घोट ओतवले. त्यांना रीत माहीत होती. हमदाने ते नीट पाहून ठेवलं. तिच्या हातात फिंजान आला, वेलचीचा वास नाकात गेला, आणि तिने तो तसाच समोर गालिच्यावर ठेवला.

छाती अशी धडधडत होती की आवाज माईकमध्ये जाईल असं तिला वाटलं. भीती होतीच, पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. आता काय होतं?

आधी काहीच झालं नाही. मग मिस रुलाने पाहिलं. मग अबू मुतलकांनी पाहिलं आणि दाढी कुरवाळायला लागले. हमदाच्या बाजूला बसलेलीने आपला फिंजान खाली ठेवला, मग तिच्या पलीकडचीने. रांगेच्या टोकाला सालहाचा हुंदका आला, "अगं, मी पिऊन टाकली!"

हैथम बेंचं भाषण अडखळलं. त्यांनी माईक खाली केला. "बहिणी, कॉफी गरम आहे का?"

"नाही, बे."

"कडू झालीय?"

"कॉफी उत्तम आहे."

आता हैथम बेंच्या कपाळावर घाम दिसू लागला. मशीनची कॉफी असती, टेबल-खुर्ची असती, तर त्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण तंबू त्यांनी उभारला होता, घर म्हणून त्यांनी सांगितलं होतं, आणि समोर अबू मुतलक बसले होते, ज्यांच्या तोंडून 'याच्या घरून पाहुणा कॉफी न पिता उठला' ही गोष्ट महिन्याभरात करकला त्यांच्या चुलत्यांपर्यंत पोचली असती.

"अबू मुतलक," ते हळूच म्हणाले, "ही मागणी तुमची?"

हमदाने श्वास रोखला. चुलते तिला झटकून टाकू शकत होते. पोरीला कळत नाही, बे, असं म्हटलं की संपलं.

"फिंजान तिच्यापुढे आहे," अबू मुतलक म्हणाले. "तिलाच विचारा."

"काय मागतेस, बहिणी?"

"जे शिकवलंत ते काम," हमदा म्हणाली. "बारा जणींना."

हैथम बे उठले, फोन कानाला लावून बाहेर गेले. तंबूच्या कडेखालून त्यांचे मोजे इकडून तिकडे, तिकडून इकडे जाताना दिसत होते. बूट घालायचंही भान राहिलं नव्हतं. मधेच आवाज चढे, मधेच गयावया होई. "नाही सर, संप नाही... कॉफी, सर... हो, कॉफीच... सर, तुम्ही इथे असता तर तुम्हीही..." कॅमेरेवाला कंटाळून निखाऱ्यांचे फोटो काढत बसला. कॉफी गार झाली. हमदाला एकदा वाटलं, आपण सगळ्यांचं हसं करून घेतलं. एकदा वाटलं, नाही, मोजे अजून चालतायत.

ते परत आले तेव्हा घसा बसला होता. "कंत्राटदार पाच जणी घेईल. उरलेल्यांना पुढच्या टप्प्यात, आणि तो टप्पाही होईल, हे माझ्या तोंडावर."

माझ्या तोंडावर म्हटलं की इथे साक्षी-पुरावा लागत नाही. शब्द मोडला तर तोंड काळं. अबू मुतलकांनी मान डोलावली. बायकांत कुजबुज उठली, कोणीतरी आनंदाने जीभ वळवून किलकारी मारली.

"पाच कोण?" हमदाने विचारलं.

"दहावी झालेल्यांतल्या. ती त्याची अट आहे. पुढच्या टप्प्यालाही तीच राहील."

किलकारी मधेच तुटली. बाराही जणींना ठाऊक होतं, दहावी कोणाची झालीय आणि कोणाची नाही. सालहाची झाली होती. हमदाची नव्हती, आणि बारांत दहावी राहिलेली ती एकटीच. बाकी अकराही जणी तिच्यानंतर नववी पार करेपर्यंत ती बस मुलींसाठी थांबायला लागली होती. सालहाचा चेहरा आनंदाने फुलायला आणि शरमेने पडायला एकदमच सुरुवात झाली.

"पी, बहिणी," हैथम बे म्हणाले. "तुझ्या मैत्रिणींचं काम झालं."

हमदाला राग आला, सालहाचा हेवाही वाटला. नाही म्हणणं खोटं ठरेल. फिंजान तसाच ठेवला असता तर सगळं मोडलं असतं, पाच जणींचं आत्ताचं आणि सहा जणींचं पुढचं. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. सालहा डोळ्यांत पाणी आणून मान हलवत होती, पिऊ नको म्हणून.

हमदाने फिंजान उचलला आणि ती गार, कडू कॉफी एका घोटात संपवली. तंबूभर सुटकेचा श्वास पसरला. कॅमेरेवाला सावरून बसला. रमझी रिकामा फिंजान घ्यायला पुढे झाला.

पुरे म्हणायचं असलं की फिंजान मनगटात जरासा हलवून परत देतात. न हलवता पुढे केला तर ओतणाऱ्याने पुन्हा ओतायचं, यजमानालासुद्धा नाही म्हणता येत नाही. हमदाचा हात ताठ होता. रमझीने तिच्याकडे पाहिलं, बेंकडे पाहिलं, आणि निमूटपणे किटली वाकवली. या वेळी बरोबर घोटभर.

तिने तो फिंजान समोर गालिच्यावर ठेवला.

"आता काय?" हैथम बेंचा आवाज अगदीच खाली गेला होता.

"ती सगळ्यांची होती, बे," हमदा म्हणाली. "ही माझी."

आणि ती मांडी घालून नीट बसली.