तोंडातलं कणीस

बाळांनो, जरा डोळे मिटा. आपण एका जुन्या देवळाच्या उंबऱ्याशी उभे आहोत, असं समजा. उंबऱ्याच्या दगडावर एक तोंड कोरलेलं आहे. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे, आणि हनुवटीखाली काहीच नाही. ना मान, ना पोट. त्याला कीर्तिमुख म्हणतात. महादेवानं त्याला एका दैत्याला खाण्यासाठी उत्पन्न केलं आणि ऐन वेळी त्या दैत्यालाच अभय दिलं. भुकेनं कासावीस झालेलं ते म्हणालं, आता मी खाऊ काय? महादेव म्हणाले, स्वतःला खा. त्यानं पायांपासून सुरुवात केली. उरलं ते एवढं तोंड. दिसलं? मग आता डोळे उघडा आणि नूतनची गोष्ट ऐका.

नूतन चौथीत होती. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात तिचं घर. गावच्या देवळातलं हे तोंड ती येता-जाता ओट्यावर खडूनं काढायची. तिचा मोठा भाऊ भूषण रावेरला केळीच्या पॅकिंगवर कामाला निघाला, तेव्हा त्याला हातावर गोंदून घ्यायची हौस आली. त्याचे सोबती त्रिशूळ गोंदवत, कुणी गरुड. भूषण म्हणाला, मला नूतन काढते ते तोंड पाहिजे.

तिनं ते कागदावर काढून दिलं. वडिलांची बहीण, बेबाबाई फुई, शेजारीच बसली होती. तरुणपणी ती जत्रांमधून सुया आणि काजळी घेऊन गोंदत फिरलेली. तिनं कागद हातात घेतला आणि मान हलवली.

“भुक्या तोंडले रिकामं ठेवानं नही, बेटा.”

गोंदणाऱ्या बायांची ती रीतच होती. वाघ असो, मगर असो, उघड्या जबड्यात काहीतरी घास द्यायचा. नाहीतर ते अंगावरच्या माणसालाच खातं, असं त्या मानत. नूतननं विचार करून सुळ्यांच्या मधे ज्वारीचं कणीस घातलं. ते जरा डावीकडे कललं. भूषण हसला.

“त्याले बी खावाडस का तू?”

दोंडाईच्याच्या बाजारात गोंदणाच्या मशीनवाल्यानं ते जसंच्या तसं उतरवलं, कललेलं कणीससुद्धा. वडिलांना मात्र ते आवडलं नाही. देव काय बाजारात विकत घ्यायची चीज आहे, म्हणून अभिमन आबा तडकले. तेव्हापासून भूषण त्यांच्यासमोर बाही खाली ओढून असायचा. आबांना ठाऊक होतं ते इतकंच, की पोराच्या हातावर कसलंसं तोंड आहे.

पावसाळा सरता सरता भूषणचा फोन लागेनासा झाला. पॅकिंगवाले म्हणाले, दुसरीकडे जास्त मजुरी मिळते म्हणून गेला. आबांनी ते मानलं. आई, ताईबाई, रोज संध्याकाळी त्याची भाकरी झाकून ठेवू लागली.

मग एका दुपारी हिलाल नावाचे हवालदार, कामाला बाहेर गेलेल्या पोरांची घरं विचारत, घरी आले. तापीच्या काठी एका तरुणाचं प्रेत सापडलं होतं. पाण्यानं चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता, पण हातावर गोंदण होतं. त्यांनी फक्त हाताचा फोटो मोबाइलवर पुढे धरला. जवळच्या सगळ्या तालुक्यांत विचारून झालं, आज कुणी ओळखलं नाही तर बेवारस म्हणून उरकावं लागेल, हेही त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

आबांनी फोटोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“हाऊ आमना नही शे.”

“नीट बघा, आबा.”

असली तोंडं आता शंभर पोरांच्या हातावर असतात, बाजारात मिळतात, असं म्हणत आबा उठले. आतून ताईबाईनं विचारलं, काय झालं? मग चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

आबांच्या मागे उभ्या असलेल्या नूतननं फोटो पाहिला होता. सुळ्यांच्या मधे कणीस होतं. डावीकडे कललेलं.

ती गप्प राहिली असती, तर आई उद्याही भाकरी झाकणार होती. परवाही. घर तसंच वाट पाहत राहिलं असतं, आणि ते तिला फार बरं वाटलं असतं. पण तिकडे परक्या माणसांनी भूषणला जाळलं असतं. दहाव्याला त्याच्या नावानं घास कोण ठेवणार? कावळ्याला कोण बोलावणार? फुईचं भुक्या तोंडाबद्दलचं बोलणं तिला आठवलं. आजोबांच्या दहाव्याला नदीवर बसलेली माणसंही आठवली, कावळा शिवेपर्यंत जागची न हललेली.

हवालदारांनी मोबाइल खिशात टाकला आणि गाडीकडे वळले.

नूतन कोनाड्यापाशी गेली. खडू घेतला. आबांच्या पायांपुढे ओट्यावर बसून तिनं बटबटीत डोळे काढले, सुळे काढले, उघडा जबडा काढला. आबा बघत राहिले. तिचा हात थोडा थांबला. मग तिनं त्या जबड्यात कणीस काढलं, डावीकडे कललेलं, आणि गाडीमागे धावत जाऊन हवालदारांचा हात धरून त्यांना परत ओट्यापाशी आणलं.