अकरा वेळा घड्याळजी

धाकट्यानं प्रोग्रॅम सुधारला, तोही कुणी न सांगता, आणि ताईचं डोकं फिरलं ते तिथूनच.

प्रोग्रॅम ताईचा. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं जमायची: ताई, धाकटा, मावशी आणि समोरची दातांची डॉक्टरीण. फासे टाकायचे, सोंगं घ्यायची. मावशी चोर व्हायची, डॉक्टरीण तलवारवाली. गोष्ट ताई चालवायची. वाटेत कोण भेटतं हे मात्र ती ठरवत नसे. काळ्या स्क्रीनवर एक शब्द टाइप करून एंटर दाबलं, की लांबलचक यादीतली कुठलीही एक ओळ समोर यायची.

त्या रविवारी पहिल्याच वळणावर लांडगे आले. दुसऱ्यावर दरोडेखोर, तिसऱ्यावर राक्षस. अर्ध्या तासात मावशी मेली.

"अगं, मला धड बसू तरी द्यायचं," मावशी म्हणाली. डॉक्टरीणही मेली, मग खेळच संपला आणि दोघी घरी गेल्या.

"जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून नव्यानं लिहिला," धाकटा मोठ्या तोऱ्यात सांगू लागला. "जुना पुसून टाकला. यादीत कचरा किती होता, ताई. एकेक ओळ कितीतरी वेळा. जास्तीच्या सगळ्या उडवल्या."

ताईनं यादी उघडली. 'काहीच घडत नाही' ही ओळ तिनं ऐंशी वेळा लिहिली होती, कारण रस्त्यानं जाताना बहुतेक वेळा काहीच घडत नाही. आता ती एकदाच होती. एवढं तिनं चालवून घेतलं असतं. पण ती खाली सरकली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

'एक घड्याळजी भेटतो. वेळ चुकीची सांगतो.' एकदाच.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. खेळायला कधी बसले नाहीत, पण एक दिवस गुपचूप स्वतःला यादीत घालून आले. अकरा वेळा, म्हणजे अधूनमधून तरी नंबर लागेल. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून घड्याळजी आला की मावशी शेजारची खुर्ची मागे ओढून म्हणायची, "या, बसा."

"बाबांना कचरा म्हणालास तू," ताई म्हणाली.

"तसं नाही गं. एक ओळ ठेवलीय की. येतील कधीतरी."

"अकरा होत्या. माझ्या औषधांच्या दुकानात एकसारख्या दिसतात म्हणून मी बाटल्या फेकून देते का? विचारायला तोंड नव्हतं तुला?"

ताईला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. न विचारता दुसऱ्याचं घर आवरायला निघालेल्या या शहाण्याला उभा जाळावा असं तिला वाटलं.

"बस इथं," ती म्हणाली. "एकेक ओळ परत हातानं लिही. कॉपी करून चिकटवायचं नाही."

त्यानं लिहिलं. 'काहीच घडत नाही' भराभर झालं. घड्याळजीच्या चौथ्या ओळीला त्याची बोटं मंदावली, सातव्याला त्यानं नाक पुसलं. अकरा झाल्यावर त्यानं खेळाचा तो शब्द टाइप करून एंटर दाबलं.

'काहीच घडत नाही.'

पुन्हा दाबलं. 'काहीच घडत नाही.'

तिसऱ्यांदा त्याचा हात पुढे गेला, तो ताईनं मनगटाला धरून मागे घेतला. तिचा राग अजून तसाच होता.

"आता नाही. पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "मावशी नसताना ते आले, तर खुर्ची कोण ओढणार?"