फोडणीचा दोष

शालनबाईंच्या चाळीत सात नंबरच्या खोलीतल्या पोरीला गोवर निघाला आणि दुसऱ्याच दिवशी गावातली आशा कार्यकर्ती वर्षाली, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरना घेऊन दारात उभी राहिली. चाकणला कंपन्या आल्या तेव्हा शालनबाईंनी शेताच्या एका तुकड्यावर बारा खोल्या काढल्या होत्या. भाडेकरू सगळे बाहेरगावचे, शिफ्टमध्ये राबणारे. त्यांच्या लेकरांना परवा लस द्यायची आहे, तुमची ओसरी मिळेल का, असं वर्षालीनं विचारलं. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. गोवराचं नाव निघालं की त्या अशाच गप्प व्हायच्या.

सिस्टर आजारी पोरीला बघायला गेल्या तशा बाईही मागोमाग गेल्या. सिस्टरनी पोरीला चमच्यानं पिवळं औषध पाजलं. हे कशाचं, म्हणून बाईंनी विचारलं.

“डोळ्यांसाठी आहे, आजी. गोवरात अंगातलं अ जीवनसत्त्व कमी होतं. पोर मुळातच अशक्त असेल तर बुबुळावर फूल पडून नजर जाते. पूर्वी अशी पुष्कळ मुलं आंधळी झाली.”

“मंजी फोडणीच्या वासानं न्हाई जात?”

सिस्टर हसल्या नाहीत. डोळे गोवरानंच जातात, फोडणीचा त्यात काही दोष नाही, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं.

बाई तडक घराच्या मागच्या पडवीत आल्या. तिथं त्यांचा धाकटा भाऊ दौलतराव रेडिओ ऐकत बसला होता. चार वर्षांचा असताना गोवरात त्याचे दोन्ही डोळे गेले. आई वारल्यावर बाईंनी त्याला स्वतःकडे आणलं, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली होती.

घरात गोवर असताना फोडणी द्यायची नाही, असा जुना दंडक. दौलतला गोवर निघाला होता त्या दिवसांत एकदा आई रानात गेलेली. नऊ वर्षांच्या शालननं आमटीला फोडणी दिली आणि आठवड्याच्या आत पोराची नजर गेली. सगळं घर आईवर उठलं. लेकीला पाठीशी घालत आईनं ‘मीच दिली’ म्हणून सांगितलं आणि मरेपर्यंत बोल खाल्ले. साठ वर्षं बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज त्यांनी रेडिओ बंद केला आणि सिस्टरचं बोलणं धरून सगळं भावापुढं ओतलं.

दौलतरावानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

“आक्के, फोडणी तू दिलीस ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. “मीच रडून आमटी मागितली व्हती. माझ्या हट्टापायी आईनं सोसलं, असंच मी धरून बसलो.”

बाईंना रडू आवरेना. त्यानं चाचपडत त्यांचा हात धरला. मग विचारलं, चाळीतली समदी पोरं जाणार का सुईला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः खोल्या फिरल्या. बाकीच्या बाया लगेच तयार झाल्या. अडली ती परभणीकडची स्वरूपा. तिचा निरंजन दहा महिन्यांचा होता आणि घर बदलण्याच्या गडबडीत त्याची नवव्या महिन्याची लस चुकली होती. शेजारी गोवर असताना सुई टोचू नये, असं सासूनं फोनवर बजावलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. तिला पोरासकट पडवीत आणून बसवलं. दौलतरावानं निरंजनला मांडीवर घेतलं आणि त्याच्या कपाळावरून, गालांवरून सावकाश बोटं फिरवली.

“मला माझ्या आईचं तोंड आठवत न्हाई, पोरी,” तो म्हणाला.

स्वरूपानं निरंजनला परत कडेवर घेतलं. तिनं तिथूनच कंपनीत नवऱ्याला फोन लावला.

लसीच्या दिवशी शालनबाईंनी ओसरी सारवल्यासारखी लख्ख पुसून सतरंज्या घातल्या. स्वरूपाचा नवरा सुजित शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांवरच आला आणि निरंजनला घेऊन रांगेत उभा राहिला. सुई टोचताच पोरगं जीव खाऊन रडलं आणि आईच्या खांद्यावर जाऊन निवलं. ताप आला तर घाबरू नका, काय करायचं ते वर्षालीनं नीट समजावलं.

सिस्टर सामान आवरू लागल्या तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. पलीकडच्या सोपानरावांच्या चाळीतली पाच पोरं अजून आली नव्हती. बांधाच्या भांडणापासून त्या घराशी बाईंचं बोलणं बंद होतं.

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि त्या बोलवायला निघाल्या.