दुखलं का?

नवरा वारला त्याला आठ महिने झाले. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला काही वाटतच नाही, एवढंच.

मुलगी सहा वर्षांची. तिच्या हातात पेन्सिल टिकेना. शाळेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात स्वतःचं नाव लिहिता आलं नाही तर पहिलीत घेणार नाही, बालवर्गातच ठेवणार. हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे नेलं. त्यांनी तिची बोटं तपासली आणि बघितलं मात्र माझ्याकडे. म्हणाल्या, पोरीचा हात लुळा नाही, तुमचा हात तिच्या आधी पोचतो. खरंच होतं. बटणं मी लावायची, डबा मी उघडून द्यायची, घाससुद्धा मीच भरवायची. आठ महिने मी नुसतं उरकत होते.

ताईंनी खेळ दिले. कणकेचे गोळे करायचे, रद्दी फाडायची, कपड्यांचे चिमटे माझ्या बाहीला लावायचे. मी आपली वाळत घातल्यासारखी बसून. शेवटी माझं बोट मुठीत धरून जीव खाऊन दाबायचं. पोरगी रोज विचारायची, दुखलं का? मी रोज नाही म्हणायचे. खोटं कशाला बोलू? नव्हतंच दुखत.

तीन आठवड्यांनी शाळेतून बोलावणं आलं. पोरगी पेन्सिलीला शिवतच नव्हती. बाईंनी चुचकारून विचारलं तर त्यांना म्हणाली होती, "माझ्या हातात जोर नाहीये. आईला दुखतच नाही."

घरी येऊन बोट उजेडात धरलं. नखांच्या खुणा, एका जागी कातडं सोललेलं. याच हातानं रोज भांडी घासत होते आणि मला पत्ता नाही. स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

संध्याकाळी ती खेळायला येईना. मी जवळ बसवून बोट दाखवलं. म्हटलं, हे तूच केलंयस, एवढा जोर आहे तुझ्यात. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"मग रडली का नाहीस?"

"येत नाही गं रडू. बाबा गेल्यापासून येतच नाही."

हळू धरते म्हणाली आणि डाव्या मुठीत माझं बोट घेतलं. उजव्या हातानं पेन्सिल उचलली आणि नाव लिहायला लागली. अक्षर अडलं की दात-ओठ खायची, आणि पेन्सिलीबरोबर डावी मूठही आवळत जायची. तिला कळतही नव्हतं.

"आई गं," माझ्या तोंडून निघालं. दुखलं. खूप दुखलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तिनं मानही वर केली नाही.

"थांब ना आई, एकच अक्षर राहिलंय."